युरोपातलं एक सेमिस्टर: आधी परीक्षेची तारीख, मग तिकीट

एक्स्चेंजची निवड पक्की झाली की बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा विमानाची तिकिटं बघायला बसतात. तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं हे खरंच आहे. पण युरोपातल्या सेमिस्टरचं सगळं नियोजन शेवटच्या परीक्षेच्या तारखेवर उभं असतं. ती तारीख विषयांवर ठरते. व्हिसाची मुदत, खोलीचा करार, परतीचं तिकीट आणि अधेमधे होणारं फिरणं या सगळ्या गोष्टी तिच्यामागून यायला हव्यात. क्रम उलटा झाला की फेब्रुवारीत पेपर आणि जानेवारीत परतीचं विमान अशी गत होते.

कॅलेंडर आधी उघडा

‘ऑटम सेमिस्टर’ हे नाव सगळीकडे एकच असलं तरी महिने वेगळे असतात. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतात. लेखी परीक्षा त्यानंतर, आणि काही विषयांच्या तर थेट मार्चमध्ये. स्वीडनमध्ये ऑगस्टच्या शेवटी सुरुवात होऊन जानेवारीच्या मध्यावर सगळं आटोपतं. आयर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी सप्टेंबर ते डिसेंबर, परीक्षा नाताळच्या आधी. इटलीत वर्ग डिसेंबरात संपतात, पण परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असतात. तिथे एकाच विषयाच्या दोन-तीन तारखा दिलेल्या असतात आणि त्यांतली कोणती घ्यायची ते विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं. तारखेला तिथे ‘अपेल्लो’ म्हणतात. पहिलीच अपेल्लो धरायची; नापास झालात तर दुसरी हाताशी राहते.

तुमच्या मूळ विद्यापीठाचं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल, तर जर्मनी किंवा इटलीतलं हिवाळी सेमिस्टर त्यावर चढणार हे उघड आहे. काही प्राध्यापक एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा लवकर घेतात. पण ही त्यांची मेहेरबानी असते, हक्क नव्हे. म्हणून अर्ज करण्याआधीच मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तिथे पोचल्यावर विचारू म्हणणाऱ्यांना डिसेंबरात नकार मिळतो, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

स्वीडनची आणखी एक गोष्ट आधी माहीत हवी. तिथे अनेक विद्यापीठांत चार-पाच विषय समांतर चालत नाहीत, एकामागून एक येतात. साडेसात क्रेडिटचा एक विषय साधारण पाच आठवड्यांत पूर्ण वेळ शिकवतात, त्याची परीक्षा होते आणि मग पुढचा सुरू होतो. काही विषय अर्ध्या वेगानं दुप्पट काळ चालतात. यादीतून आवडले म्हणून चार विषय उचलले आणि त्यांतले तीन एकाच कालखंडात निघाले, तर सप्टेंबरात श्वास घ्यायला फुरसत नाही आणि नोव्हेंबर रिकामा. विषयाच्या नावाशेजारी आठवडे आणि वेगाची टक्केवारी दिलेली असते. नावाच्या आधी ती वाचायची. नेदरलँड्समध्येही सेमिस्टरचे असेच तुकडे पाडलेले असतात, पण तिथे एका तुकड्यात साधारणपणे दोन विषय चालतात.

क्रेडिटचा हिशेब

युरोपात ईसीटीएस क्रेडिट चालतात. वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी असं सगळं आलं. म्हणजे सहा क्रेडिटचा विषय हे किमान १५० तासांचं काम. १४ आठवडे, आठवड्याला चार तास वर्ग धरले तर वर्गातले झाले ५६. उरलेले जवळपास शंभर तास कोणी तुमच्या वेळापत्रकात लिहून देत नाही. असे पाच विषय घेतले की झाले ७५० तास. वर्ग आणि परीक्षा मिळून १८ आठवडे धरले तर आठवड्याला ४२ तासांच्या आसपास, म्हणजे पूर्णवेळ नोकरीइतकं.

वेळापत्रकात आठवड्याला वीस तासच दिसतात आणि बाकीचा वेळ मोकळा वाटतो, म्हणून लोक दर शनिवार-रविवारची तिकिटं काढून ठेवतात. मग प्रकल्पाच्या गटातले बाकीचे चौघं रविवारी भेटायचं म्हणतात तेव्हा हे विमानतळावर असतात. तुमच्या विद्यापीठाला किमान किती क्रेडिट लागतात हे आधी लेखी विचारून घ्या. २४ पुरत असतील तर ३० चा अट्टहास करू नका. नेमके २४ मात्र घेऊ नका, कारण एक विषय गेला की सगळंच अडकतं. किमान गरजेपेक्षा एक विषय जास्त, हे प्रमाण मला योग्य वाटतं.

विषय शोधताना विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये यंदाची यादी बहुधा अजून आलेली नसते. अशा वेळी गेल्या वर्षीच्या त्याच सेमिस्टरची यादी बघायची, अख्ख्या वर्षाची नव्हे. जर्मनीत कित्येक विषय फक्त हिवाळ्यात किंवा फक्त उन्हाळ्यातच असतात. प्रत्येक विषयाच्या पानावर चार गोष्टी तपासा: शिकवण्याची भाषा, पातळी, आधी काय शिकलेलं असावं लागतं, आणि एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का. नाव इंग्रजीत आणि शिकवणं जर्मन किंवा इटालियनमध्ये, हा प्रकार सर्रास दिसतो. पानाचं भाषांतर केलेलं असतं, विषयाचं नाही. स्थानिक भाषेतून शिकायचं तर बी-१ किंवा बी-२ (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या मधल्या पातळ्या) पातळीचा दाखला मागतात. बी-१ वर वर्गात बसता येतं, पण निबंधवजा उत्तरपत्रिका लिहिताना दमछाक होते.

दोन वेगवेगळ्या विभागांतले किंवा दोन वेगवेगळ्या वर्षांचे विषय एकत्र घेतले तर वेळा हमखास आदळतात. विभागांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळवून केलेली नसतात. त्यामुळे पाच हवे असतील तर आठ निवडून ठेवा. जर्मन वेळापत्रकात १० च्या पुढे ‘सी.टी.’ लिहिलेलं असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. शहराच्या दोन टोकांना इमारती असतील तर ही पंधरा मिनिटं फार कामाची असतात.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट

हा विषय मान्य करून घेण्याचा करार. त्याच्या कागदावर तिघांच्या सह्या लागतात: विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ. इरॅस्मसच्या (युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेच्या) नमुन्यात दोन मुख्य तक्ते असतात. ‘ए’ मध्ये तिथे काय शिकणार, ‘बी’ मध्ये त्याबदल्यात इथे काय मान्य होणार. सगळा घोळ ‘बी’ मध्ये होतो. अनेक कोऑर्डिनेटर विषयाला विषय जोडायला सांगतात, आणि मग ‘अभ्यासक्रम सत्तर टक्के जुळत नाही’ म्हणून एकेक विषय गळतो. इरॅस्मसच्या सूचनांत अशी एकास एक जुळणी बंधनकारक नाही. विषयांचा एक गट दुसऱ्या गटाच्या बदल्यात मान्य करता येतो. तुमच्या विद्यापीठाला हे चालत असेल तर वैकल्पिक विषयांचा गट अख्खा परदेशात करा आणि सक्तीचे मुख्य विषय घरीच ठेवा. तिथे एखादा विषय ऐनवेळी रद्द झाला, तर वैकल्पिकाच्या जागी दुसरं काहीही बसवता येतं. सक्तीच्या विषयाला पर्याय नसतो.

प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम त्याच दिवशी पीडीएफ म्हणून उतरवून ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष लिहा. संकेतस्थळावरचं पान पुढच्या वर्षी बदलतं, आणि गुण मान्य करणारी समिती बसते तोपर्यंत जुनं पान गेलेलं असतं.

तिथे पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एखाद-दुसरा विषय बदलावा लागतोच. जागा भरलेल्या असतात, वेळ आदळते, प्राध्यापक रजेवर जातात. त्यासाठी त्याच कागदाचा ‘दरम्यानचे बदल’ हा भाग असतो. तो भरून पुन्हा तिन्ही सह्या घ्यायच्या. ‘चालेल, घ्या’ असं उत्तर मेलवर आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. वर्षभरानं तो कोऑर्डिनेटर त्या खुर्चीत असेलच असं नाही. आधी सह्या, मग जुना विषय सोडायचा.

विषयाला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या जर्मनीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण सेमिस्टर वर्गात बसलेला विद्यार्थी परीक्षेची नोंदणी विसरला तर त्याला पेपर देता येत नाही. नोंदणीची खिडकी सेमिस्टरच्या मध्यावरच काही आठवडे उघडते आणि बंद होते. रद्द करण्याची मुदतही वेगळी असते. त्या तारखा पहिल्याच दिवशी फोनमध्ये टाका.

गुणांची पद्धतही आधी समजून घेतलेली बरी. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० ला पास, ५.० नापास. फ्रान्समध्ये २० पैकी, १० ला पास, आणि १६ म्हणजे उत्तम कामगिरी. इटलीत १८ ते ३० पास. डेन्मार्कचा तक्ता उणे ३ पासून १२ पर्यंत जातो आणि ०२ ला पास. फ्रान्समधले २० पैकी १४ म्हणजे सरळ ७० टक्के, असं तुमच्या विद्यापीठानं धरलं तर चांगल्या विद्यार्थ्याचं नुकसान होतं. रूपांतराचा तक्ता कोणता वापरणार हे निघण्याआधी विचारा. नुसतं ‘उत्तीर्ण’ असं नोंदवून घेण्याची सोय असेल तर तिचाही विचार करा.

व्हिसाची मुदत कशी मागायची

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर शेंगेनचा (आपसात सहसा सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा) साधा ‘सी’ व्हिसा चालत नाही. त्या देशाचा राष्ट्रीय ‘डी’ व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. त्यावर इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, आणि ज्या देशानं परवाना दिला तिथे राहिलेले दिवस यात धरत नाहीत. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

गफलत पुढे होते. परवाना ३१ जानेवारीला संपतोय आणि ९० दिवसांपैकी वीसच वापरलेत, तर उरलेले सत्तर फेब्रुवारीत वापरू असं अनेकांना वाटतं. शेंगेनसाठी व्हिसा लागणाऱ्या पासपोर्टवर हे चालत नाही. परवाना संपला की ते ९० दिवसही संपले. त्या तारखेपर्यंत शेंगेनबाहेर पडायचं. आणि बाहेर पडण्याची नोंद शेवटच्या शेंगेन विमानतळावर होते. लिस्बनहून फ्रँकफर्टमार्गे परतत असाल तर ती फ्रँकफर्टला होईल. मधला मुक्काम रात्रीचा असेल तर तारीख उलटते, हे तिकीट काढतानाच बघा.

म्हणून परीक्षेनंतर फिरायचं असेल तर ते दिवस परवान्याच्या आत बसायला हवेत, आणि परवान्याच्या तारखा विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावरच्या तारखांवरून ठरतात. प्रवेशपत्रात नुसता वर्गांचा कालावधी लिहिलेला असेल तर इंटरनॅशनल ऑफिसला विनंती करा: परीक्षा आणि फेरपरीक्षेचा काळ धरून तारखा द्या. ही विनंती रास्त आहे, ती बहुधा मान्य होते, आणि ती करायला एक मेल पुरतो. व्हिसा हातात आल्यावर तारीख वाढवायची म्हणजे नव्या अपॉइंटमेंटसाठी आठवडेच्या आठवडे ताटकळणं आलं.

पैशांचा पुरावा देशागणिक वेगळा असतो. जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड खात्यात (जिथून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४, असा हिशेब आहे. एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांना मुक्कामाच्या महिन्यांइतकी रक्कम दाखवायची असते. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर ती रक्कम यातून वजा होऊ शकते.

पोचल्यावरची मुदत तर अगदी थोडी असते. ऑस्ट्रियात तीन दिवसांत पत्त्याची नोंदणी, जर्मनीत दोन आठवड्यांत, इटलीत आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून निवास परवान्याचा अर्ज. फ्रान्सच्या व्हिसावर ‘व्हीएलएस-टीएस’ (निवास परवान्याचंही काम करणारा लांब मुदतीचा व्हिसा) असेल तर तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. जर्मनीत पत्त्याच्या नोंदणीला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. तो न देणारा घरमालक स्वस्तात खोली देत असेल तरी घेऊ नका. त्या नोंदणीवाचून पुढची बरीच कामं खोळंबतात.

इटलीत परवान्याच्या अर्जाची पावती हातात असते आणि प्रत्यक्ष कार्ड यायला महिने लागतात. तेवढ्यात व्हिसाची मुदत संपली, तर नुसत्या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही. नाताळच्या सहली इथेच कोसळतात. व्हिसा कधीपर्यंतचा आहे आणि किती वेळा प्रवेशाचा आहे, हे दोन्ही स्टिकरवर वाचूनच सहल ठरवा.

खोलीबद्दल थोडक्यात: विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज विद्यापीठाच्या अर्जासोबतच करा, विषय ठरेपर्यंत थांबू नका. खोली किंवा व्हिडिओवर माणूस बघितल्याशिवाय अनामत पाठवू नका. करार परीक्षेच्या महिन्याच्या अखेरपर्यंत घ्या.

फिरणं

आठवड्याचं वेळापत्रक जुळवताना शुक्रवार किंवा सोमवार मोकळा ठेवता आला तर तोच खरा फायदा. शुक्रवारी संध्याकाळची गाडी सगळ्यात महाग आणि सगळ्यात भरलेली असते. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी निघणाऱ्याला तोच प्रवास बराच स्वस्तात पडतो. पण त्यासाठी आवडता विषय सोडू नका. जर्मनीतल्या सेमिनारमध्ये बहुतेक ठिकाणी दोन गैरहजेऱ्या चालतात, तिसरी नाही. त्या दोन आजारपणासाठी राखा.

लांबच्या सहली सुट्ट्यांत बसवा. फ्रान्समध्ये ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टी असते, जर्मनीत नाताळाचे दोन आठवडे. याच काळात सगळा युरोप घराबाहेर पडलेला असतो, म्हणून आरक्षण आधी करा. एक बारकावा: युरोपातली रेल्वेची वेळापत्रकं डिसेंबरच्या मध्यावर, दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी बदलतात. त्या तारखेनंतरची आंतरराष्ट्रीय तिकिटं बऱ्याचदा उशिरा विक्रीला येतात. ऑक्टोबरात नाताळची गाडी दिसत नाही म्हणून घाबरून महागडं विमान काढू नका.

रेल्वे पास घेताना: युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी, इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी. निवास परवाना असेल तर इंटररेल मिळू शकतो, पण त्यावर स्वतःच्या राहत्या देशात फक्त एकदा बाहेर जाण्याचा आणि एकदा परत येण्याचा प्रवास चालतो. २७ वर्षांपर्यंत तरुणांची सवलत आहे. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची आवे, इटलीची फ्रेच्चारोस्सा आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांना पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि पासधारकांच्या जागा मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत तसंच चढता येतं. त्यामुळे मध्य युरोप फिरायचा असेल तर पास परवडतो. पॅरिस-बार्सिलोना-रोम असा बेत असेल तर सुटी तिकिटं लवकर काढलेली बरी.

जर्मनीत शिकत असाल तर डॉइचलँडटिकेट बघा: जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, आणि अनेक विद्यापीठांत ते सेमिस्टर फीमध्येच सवलतीत येतं. त्यावर देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. स्वतंत्र घेतलंत तर ते दरमहा आपोआप नवं होतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. परतताना हे हमखास विसरतं.

दोन गाड्यांचा प्रवास असेल तर शक्यतो एकच सलग तिकीट घ्या. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तरी सलग तिकिटावर पुढची व्यवस्था करणं कंपनीला बांधील असतं. पोचायला तासाहून अधिक उशीर झाला तर २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक झाला तर ५० टक्के परतावा मागता येतो. दोन वेगळी तिकिटं घेतली असतील तर दुसऱ्या गाडीवाल्याला तुमच्या पहिल्या गाडीशी काही देणंघेणं नसतं. अशा वेळी मध्ये किमान दीड तास ठेवा, आणि दिवसाची शेवटची गाडी कधीही जोडगाडी म्हणून धरू नका.

स्वस्त विमानांचं तिकीट बघताना विमानतळ कुठे आहे ते आधी नकाशावर बघा. पॅरिस बोव्हे हा पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर, फ्रँकफर्ट हान हा फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. सकाळी सहाचं विमान म्हणजे रात्रीची बस किंवा बाकड्यावर काढलेली रात्र. बसचं भाडं आणि सामानाचे पैसे मिळवले की रेल्वे बऱ्याचदा बरोबरीत येते. युरोपीय संघाबाहेरचा पासपोर्ट असेल तर काही कंपन्या सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर कागद दाखवायला लावतात. ऑनलाइन चेक-इन झालंय म्हणून थेट गेटवर गेलात तर तिथून परत पाठवतात.

शेंगेनमध्ये आजघडीला २९ देश आहेत. आयर्लंड, सायप्रस, ब्रिटन, सर्बिया, बोस्निया, अल्बेनिया त्यात नाहीत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आहे. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर डुब्रोव्निकहून दिवसभरासाठी बोस्नियात मोस्तारला गेलात तर परत आत येता येणार नाही. शेंगेनच्या आतही पासपोर्ट आणि परवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवा. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि रात्रीच्या बसमध्ये पहाटे तीनला पोलिस चढतात तेव्हा फोनमधला फोटो चालत नाही.

निघण्याआधीचा आठवडा

परतीचं तिकीट शेवटच्या पेपरनंतर किमान चार-पाच दिवसांनी ठेवा. खोली परत देताना तपासणी होते आणि अनामत सहसा काही आठवड्यांनी बँकेत येते; म्हणून तिथलं खातं पैसे आल्याशिवाय बंद करू नका. जर्मनीत पत्त्याची नोंदणी रद्द करून त्याचा कागद घ्या, तो विमा आणि इतर करार संपवताना मागतात. इंटरनॅशनल ऑफिसकडून प्रत्यक्ष उपस्थितीच्या तारखांचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. इरॅस्मसच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता त्यावर अवलंबून असतो, आणि त्यातली शेवटची तारीख आधीची पडली तर अनुदान कमी होतं. ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) निकाल लागल्यावर साधारण पाच आठवड्यांत मूळ विद्यापीठाकडे जायला हवी. विद्यापीठाचा ईमेल मात्र बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर संपताच बंद होतो, तेव्हा निकालाच्या पोर्टलवर आणि कोऑर्डिनेटरकडे तुमचा खाजगी पत्ता आधीच देऊन ठेवा.